वाकडा सुळा

"काय हो, मघापासून काय बघताय एवढं?"

बसथांब्यावरच्या सगळ्या माना वळल्या. बाई साठीच्या, पण आवाज खणखणीत. शेजारी त्यांच्या विहीणबाई, नव्या कोऱ्या पर्ससकट. आणि समोर आमचे मौनीबाबा, कानशिलांपर्यंत लाल झालेले.

मौनीबाबा हे त्यांचं दवाखान्यातलं नाव. दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून ते कवळ्या करायचे. पुढून डॉक्टरीणबाई जबड्याचा साचा पाठवणार, हे त्यावर दात बसवून परत देणार. त्यामुळे पेशंटचं तोंड पाठ, पण चेहरा कधी बघितलेला नाही. अनोळखी बाईशी बोलायचं म्हटलं की त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. बायको म्हणायची, "तुमच्या आईनं मला मागणी घातली म्हणून बरं. तुमच्यावर सोडलं असतं तर मी अजून वाट बघत बसले असते." ती गेली आणि घरातलं बोलणंही तिच्याबरोबर गेलं.

आत्ता त्यांची नजर खिळली होती ती बाईंच्या डाव्या सुळ्यावर. किंचित वाकडा. कवळीत वाकडा दात कोणी मागत नाही, सगळ्यांना मोत्यांची माळ हवी असते. एकदाच फक्त पुढून निरोप आला होता, डावा सुळा पूर्वीसारखा वाकडाच ठेवा म्हणून. तो त्यांनी जीव लावून बसवला होता. आज तो रस्त्यात भेटला आणि हे खुळ्यासारखे बघत राहिले. त्यात वरची कवळी सैल झालेली, म्हणून बाई हसताना तोंडावर हात धरतात, हेही त्यांनी हेरलं होतं.

"वय काय, करताय काय!" विहीणबाई कडाडल्या. "पोलिसाला बोलवू का?"

"शोभतं का काका हे?" मागून कोणीतरी म्हणालं.

हे दात मी केलेत, एवढं म्हटलं की सुटका होती. पण विहिणीसमोर? बाईंची लाज चव्हाट्यावर मांडून आपली राखायची? ते त्यांना जमेना. बोलणी खायची तयारी करून ते उभे राहिले. मग काय सुचलं कोण जाणे, साच्याच्या प्लास्टरनं पांढरं झालेलं बोट त्यांनी हळूच स्वतःच्या डाव्या सुळ्यावर टेकवलं.

बाईंनी बोट बघितलं, सुळा बघितला. वाकड्या सुळ्याचं गुपित दवाखान्याबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांचा राग सरसर उतरला.

"अगंबाई! विहीणबाई, हे तर आमच्या ओळखीचे. मीच ओळखलं नाही, बघा."

मौनीबाबांचा जीव भांड्यात पडला. विहीणबाई बस बघायला पुढे सरकल्या, तशी मौनीबाबांच्या तोंडून वाक्यंच्या वाक्यं बाहेर पडली. "सैल झालीय. हिरड्या आक्रसतात, तुमचा काही दोष नाही. उद्या दवाखान्याच्या मागच्या दारानं या. कुणाला कळायचं नाही."

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. मौनीबाबांनी कवळीला आतून थर दिला, घासली, पुन्हा बसवली.

"आता बोला. काहीही बोला. बोलल्याशिवाय कुठं सुटते ते कळत नाही."

"परक्या माणसाशी काय बोलायचं?"

हे मात्र त्यांना पटलं. मग मौनीबाबांनी धीर करून विचारलं, "सुळा वाकडा का ठेवलात?"

"आमचे हे चिडवायचे मला त्यावरनं. जन्मभर चिडवलं आणि गेले. सरळ दात लावून आरशात बघितलं असतं, तर मलाच वाटलं असतं, कोण ही बाई?"

खूप दिवसांनी कोणी समोर बसलं होतं, आणि मौनीबाबांना बोलावंसं वाटत होतं. त्यांनी बायकोचं ते मागणीचं बोलणं सांगितलं, अगदी तिच्या ठसक्यात.

बाई खो खो हसल्या. इतक्या, की डॉक्टरीणबाई पुढून डोकावल्या. "कोण बोलतंय मागे?"

कवळी जागची हलली नव्हती. बाई अजून हसतच होत्या, आणि त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते.