कडवं आधी कुणी पाठवायचं

डीकन मॅबनं कडवं लिहून तीन आठवडे झाले होते, पण ते त्यानं अजून बायकोलाही ऐकवलं नव्हतं. तिची मावसबहीण ‘लिल सॉकेट’ या पोरगेल्या रॅपरच्याच गल्लीत राहायची, आणि कडवं त्याच्या कानावर जाता कामा नये होतं.

गाणं दोघांचं होतं. पहिलं कडवं मॅबचं, दुसरं सॉकेटचं. मॅब त्रेचाळीस वर्षांचा. त्याचं शेवटचं गाजलेलं गाणं आता फक्त लग्नांत वाजायचं, तेही लोक जेवत असताना. सॉकेट तेवीसचा, आणि अख्ख्या अटलांटात त्याचा बोलबाला. हे गाणं चाललं तर मॅब पुन्हा रॅपर, नाहीतर मेहुण्याच्या गालिचे धुण्याच्या धंद्यात कायमचा. धास्ती एकच होती, की पोरगं आपल्याला आपल्याच गाण्यात खाऊन टाकेल, म्हणजे पार फिकं पाडेल. कुणी कुणाला खाल्लं याचा निकाल न्हाव्याच्या दुकानात लागतो, आणि त्यावर अपील नसतं.

म्हणून कडवं आधी पाठवायचं नाही. दुसरा ते ऐकतो, स्वतःचं फाडतो आणि त्याहून जबरदस्त लिहितो.

"मोठे भाऊ, तुम्ही वडीलधारे. आधी तुम्ही," सॉकेट फोनवर म्हणाला.

"छे रे, नव्या पिढीला पुढं करायला हवं."

"म्हाताऱ्यांच्या आधी ताटावर बसायचं नाही, असं आजीनं शिकवलंय."

"म्हातारा तुझा बाप!"

"तो तुमच्याच वर्गात होता ना?"

शेवटी मॅबनं डाव टाकला. आईच्या मॅकरोनी-चीझवर मुद्दाम सोळा रटाळ ओळी रचल्या आणि पाठवून दिल्या. पोरगं गाफील राहील, हा हिशेब. तासाभरात सॉकेटचं कडवं आलं. आजीच्या ब्युइक गाडीच्या टायरांवर सोळा ओळी, त्याहून रटाळ. मॅबला इतका आनंद झाला की त्यानं लेमन पेपर चिकन विंग्ज मागवले. दुसऱ्याच घासाला त्याचा हात थबकला. इतकं वाईट कुणी मनापासून लिहीत नाही.

मग त्यानं दुसरं खोटं कडवं पाठवलं. तिकडूनही आलं. अशी आठ झाली.

आठही कडवी मिस अर्नेस्टीनच्या स्टुडिओत रेकॉर्ड झाली होती. टायरच्या दुकानामागची ती खोली तिची. बाई साठीची, रविवारी चर्चच्या गायकांचे माइक सांभाळणारी. दोघांची लबाडी तिला ठाऊक होती. तिनं याची त्याला सांगितली नव्हती, त्याची याला नाही. मंगळवारी मात्र तिनं दोघांच्या फोनवर एकच निरोप ठेवला.

"शुक्रवारी गाणं बाहेर पडायचंय. माझ्या चर्चमध्ये नव्वदीच्या बाया जिना चढून वेळेवर गातात. तुम्हाला एकमेकांची एवढी भीती वाटत असेल तर हात धरून या. उद्या बारा. बारा म्हणजे बारा!"

बाराला दोघं हजर. तिनं एकाला आत कोंडलं, दुसऱ्याला टायरांच्या दुकानात बसवलं, मग अदलाबदल केली. खरी कडवी अशी एकदाची रेकॉर्ड झाली. मग दोघांना शेजारी बसवून तिनं गाणं लावलं.

मॅबचं कडवं झकास होतं. सॉकेटचंही, मेल्याचं. पण दोन्हींच्या मध्ये, ढोलाच्या ठेक्यावर, फोनवरच्या निरोपातला बाईंचा खणखणीत आवाज आला: "बारा म्हणजे बारा! हात धरून या!"

"हे काय, मिस अर्नेस्टीन?" मॅब ओरडला.

"ध्रुवपद. तुम्हा दोघांपैकी कुणी ते लिहिलंच नव्हतं."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. खरंच, ते कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

शनिवारी टोपी कपाळावर ओढून मॅब न्हाव्याच्या दुकानात शिरला. गाणं चालूच होतं, आणि गिऱ्हाइकं एका सुरात ओरडत होती, "बारा म्हणजे बारा!"

"बाईनं दोघांनाही कच्चं खाल्लं," न्हावी वस्तरा पुसत म्हणाला.

निकाल लागला होता. मॅबनं बाहेर येऊन सॉकेटला फोन लावला.

"ऐकलंस?"

"ऐकलं. पण मोठे भाऊ, तुम्ही नाही खाल्लंत मला."

"तूही नाहीस मला." मॅबनं कित्येक दिवसांनी मोकळा श्वास घेतला. "मेहुण्याला आत्ताच कळवतो, सोमवारी येत नाही म्हणून. दुसरं गाणं करू या?"

"बाईंना विचारलं मी. त्या तयार आहेत."

"मग?"

"म्हणतात, आधी तुम्ही दोघं पाठवा. माझं मी मागाहून बघेन."