एस्टिल अँबर्जीचं मॅगझीन

हरणांच्या शिकारीचा हंगाम नोव्हेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी उघडतो. त्याआधीचे पंधरा दिवस आमच्या मागच्या दाराला उसंत नसते. खोऱ्यातला जो तो बगलेत रायफल घेऊन येतो, चिखलाचे बूट पायरीवर आपटतो आणि तीच तक्रार सांगतो. रायफलीत काडतुसं पुरवणारी डबी, म्हणजे मॅगझीन, बसत नाही, बसलं तर हलतं, हललं नाही तर दुसरं काडतूस अडकतं. बाबा कॉफीचा कप बाजूला सारून म्हणतात, "ठेव इथं. तुझं नाव कागदावर लिही आणि कागद मॅगझीनला बांध."

माझे बाबा, हॉबर्ट स्लोन, एकोणतीस वर्षं कोळशाच्या खाणीत छताला भोकं पाडत होते. घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे काम. पक्कड, कानस, लाकडाचा गुळगुळीत ठोकळा आणि दारू नसलेली पाच काडतुसं, एवढीच हत्यारं. मॅगझीनच्या तोंडाशी पत्र्याचे दोन ओठ असतात. ते काडतूस धरून ठेवतात आणि वेळ आली की सोडतात. ओठ जास्त मिटले तर काडतूस वर येत नाही, जास्त उघडले तर उडी मारून बाहेर पडतं. बाबा केसभर वाकवत, पाचही काडतुसं आतबाहेर करून बघत, पुन्हा केसभर वाकवत. बदल्यात कुणी मधाची बरणी आणून देई, कुणी वाळवलेल्या सफरचंदांची पिशवी.

त्यांचा एक नियम होता, आणि तो मोडलेला त्यांना खपत नसे. ज्याचं मॅगझीन त्याच्याच रायफलीत लावून बघायचं. "रायफली एका कारखान्यातल्या असल्या म्हणून काय झालं?" ते म्हणत. "हा संसार आहे, झेल्फा. नवरा शेजारणीच्या घरात किती गुण्यागोविंदाने राहतो, हे बघून काय उपयोग?"

गेल्या वर्षी त्यांच्या बोटांतली जाण गेली. ड्रिलच्या हादऱ्यांनी हळूहळूच गेली असणार, पण आम्हाला कळलं तेव्हा गरम तव्याची कड धरून ते माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत होते. त्याच आठवड्यात त्यांनी दुरुस्त केलेलं एक मॅगझीन मी सहज बघितलं. एक ओठ आत, एक बाहेर. लहानपणापासून त्या टेबलाशी बसून बटाटे सोलत मी हेच बघत आले होते. ते झोपल्यावर मी पक्कड उचलली.

तेव्हापासून त्यांनी करायचं आणि मी मागून सरळ करायचं. लोक येत, तारीफ करत. "हॉबर्टकाका, तुमच्या हाताला तोड नाही!" बाबा हसत. मी ओट्याकडे तोंड करून मक्याच्या पावाचं पीठ फेटत असे. गरजेपेक्षा जास्तच फेटत असे.

आमच्या देवळात महिन्याच्या सभेच्या शनिवारी मुख्य उपदेशक उभे राहून विचारतात, "भावांनो, बहिणींनो, सगळे एकमेकांशी शांततेत आहात ना?" मनात कुणाविषयी काही असेल तर तेव्हा सांगायचं, हात मिळवायचा, मगच पुढची प्रार्थना. मी तेरा वेळा गप्प बसले.

या महिन्याच्या पहिल्या रविवारी ब्रदर रॅन्सम प्रवचनाला उभे राहिले. सुरुवात साध्या बोलण्याने झाली. मग श्वास लागला, शब्दांना झोका आला, बोलता बोलता गाणं झालं. तसं झालं की माझं मला भान राहत नाही. प्रत्येक ओळ वर चढते, टोकाला थरथरते आणि मोठ्या उसाशासरशी खाली येते. पुढच्या बाकांवरच्या म्हाताऱ्या रडत रडत उठून एकमेकींचे हात हातात घेतात. जगात मला याहून गोड काही ठाऊक नाही. पण त्या दिवशी त्यांनी कथा घेतली ती आंधळ्या बापाची. थोरल्या केसाळ भावाचा आशीर्वाद लाटायला धाकटा लेक हातांना करडाचं कातडं बांधून येतो, बाप ते हात चाचपतो आणि म्हणतो, हात तर थोरल्याचेच आहेत. ब्रदर रॅन्समनी "हात" हा शब्द इतका लांबवला, इतका लांबवला, की मी पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर जाऊन उभी राहिले. माझ्यामागे बाबा पहिल्या बाकावर डोळे पुसत होते.

आणि मग हा बुधवार आला. बाबांना छातीच्या तपासणीला दवाखान्याच्या गाडीने नेलं होतं. मला शाळेच्या स्वयंपाकघरात पोचायला पाऊण तास होता. टेबलावर दोन मॅगझीन होती, कॉर्बेट अँबर्जीचं आणि त्याच्या चुलतभावाचं, एस्टिलचं. दोघांच्या बापांनी एकाच वेळी पोस्टाने मागवलेल्या जुन्या इंग्रजी लष्करी रायफली, जुळ्या बहिणींसारख्या. मी दोन्ही मॅगझीन सरळ केली, काडतुसं आतबाहेर करून बघितली, कागद जागच्या जागी बांधले आणि पळाले. संध्याकाळी दोघं आपापलं सामान घेऊन गेले.

शुक्रवारी दुपारी शाळेत मुलांच्या ताटात राजमा वाढताना माझा डाव हवेतच थांबला.

बाबा रायफल पुसून झाली की बोल्टला, म्हणजे काडतूस आत ढकलणाऱ्या दांड्याला, चिंधी बांधतात, त्यांच्या खास गाठीची. बुधवारी मी एकच चिंधी सोडली होती आणि परत बांधली होती. कॉर्बेटच्या रायफलीची. एस्टिलची रायफल भिंतीला जशीच्या तशी टेकलेली होती. मी दोन्ही मॅगझीन एकाच रायफलीत लावून बघितली होती.

"झेल्फा, सांडतंय!" शेजारी वाढणारी नोव्हेला ओरडली. ही एस्टिलचीच बायको.

"एस्टिलने मॅगझीन लावून बघितलं का गं?" मी विचारलं.

"कशाला? हॉबर्टकाकांच्या हातचं आहे. उद्या पहाटे थेट डोंगरावर जाणार तो. गेले आठ दिवस दुकानात त्या मोठ्या शिंगांच्या हरणाची, त्या शिंगाड्याचीच गोष्ट सांगतोय."

हीच तर भीती होती. एस्टिलचं पहिलं काडतूस सुटेल, दुसरं अडकेल, हरीण जाईल आणि दुपारपर्यंत खोऱ्यातल्या प्रत्येक दुकानात बाबांचं नाव मातीत जाईल. तीस वर्षांचं नाव, आणि घालवणार कोण, तर मी. नोव्हेलाकडून गुपचूप मॅगझीन मागावं का? एस्टिल ते बाबांखेरीज कुणाच्या हातात देणार नाही. काही तरी खोटं सांगून आणावं? खोटं सांगायला आता जागा कुठं उरली होती?

तीन वाजता घरी आले. बाबा खिडकीशी बसून एक मॅगझीन उलटसुलट करत होते. मी कोट न काढताच सगळं सांगितलं. उभ्याने, एका दमात.

त्यांनी मॅगझीन फिरवणं थांबवलं. मग म्हणाले, "कधीपासून?"

"गेल्या हंगामापासून."

"सगळीच?"

"चौदा. काही तुमचीच बरोबर होती, बाबा. खरंच."

"चौदा." त्यांनी हातातलं मॅगझीन माझ्यासमोर ठेवलं. "आणि हे?"

मी बघितलं. खोटं बोलायचं नव्हतं. "डावा ओठ फार आत आहे."

त्यांनी दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवले आणि दुसऱ्या कुणाचे असावेत तसे त्यांच्याकडे बघत राहिले. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. "मला सांगायचं होतंस," एवढंच म्हणाले. आणि लगेच, "टोपी दे. ट्रक काढ."

वाटेत वळणावर ट्रक जोरात हलला तरी त्यांनी कशाला धरलं नाही. एस्टिलला ते काय सांगणार? सांगतील, माझीच चूक झाली, नीट करून देतो. मग मी पुन्हा आयुष्यभर ओट्याकडे तोंड करून उभी.

एस्टिलच्या ओसरीवर दोघेही चुलतभाऊ होते. एस्टिल बुटांना तेल लावत होता, कॉर्बेट पाय पसरून त्याला छळत होता.

"काका! तुम्ही कसे?" एस्टिल उठला. "हा म्हणतो, शिंगाडा मला बघून हसून मरेल."

"गोळीने तर मरणार नाहीच," कॉर्बेट म्हणाला.

"तुझं मॅगझीन चुकलंय," बाबा म्हणाले. "रायफल घेऊन ये. झेल्फा नीट करेल."

"झेल्फा?"

"काम तिचंच आहे. गेल्या वर्षापासून तीच करते. माझी बोटं गेली."

एस्टिलने माझ्याकडे बघितलं, बाबांच्या हातांकडे बघितलं, आणि पटकन नजर वळवली. कॉर्बेटचे पसरलेले पाय आत आले.

"म्हणजे माझंही?"

"तुझंही."

"अन् मी वर्षभर गावभर सांगत फिरलो की हॉबर्टकाकांचा हात..." तो तांबडा झाला. "शाळेत राजमा वाढणाऱ्या बाईने केलेलं मॅगझीन घेऊन मी डोंगरावर जाऊ? राहू द्या. मी एकेक काडतूस हाताने भरीन." आणि खरोखरच टोपी उचलून चालता झाला. त्याचं मॅगझीन अगदी उत्तम होतं. मी सांगायला तोंड उघडलं, पण बाबांनी मान हलवली.

एस्टिलने रायफल आणली. बोल्टवर बाबांची गाठ तशीच होती. मी ट्रकचं मागचं फळकूट पाडलं आणि त्यावर हत्यारं मांडली. गाठ सोडली. मॅगझीन लावलं, बोल्ट ओढला, ढकलला. पहिलं काडतूस गेलं, दुसरं तिरपं होऊन अडकलं. बाहेर काढलं, उजवा ओठ केसभर उघडला. पुन्हा तिरपं. पुन्हा काढलं. माझ्या मानेवर एस्टिलचा श्वास लागत होता.

"काका, तुम्ही जरा बघा ना," तो म्हणाला.

बाबांनी हात काखेत घातले होते. "मी बघतोच आहे."

तिसऱ्यांदा दोन गेली, तिसरं अडकलं. सूर्य डोंगरामागे चालला होता. माझ्या मनात आलं, मागच्या टोकाशी तर खोट नसेल? मॅगझीन उलटं धरून बघितलं. पत्र्याचा मागचा काठ रायफलीला घासून चकाकत होता, म्हणून ते पूर्ण वर जात नव्हतं. ओठांचा दोषच नव्हता. इतका वेळ मी भलत्याच जागी बोट ठेवून बसले होते. कानस घेतली, चार हात मारले, ओठ पूर्ववत केले. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचही सरळ आत गेली आणि टणटण फळकुटावर पडली.

एस्टिलने स्वतः तीनदा करून बघितलं. "बघू उद्या," म्हणाला. आभार मानले नाहीत, की मॅगझीन नाकारलंही नाही.

घरी येऊन बाबा जेवले नाहीत. मीही जेवले नाही.

शनिवारी उजाडायच्या आत आम्ही दोघं ओसरीवर कॉफी घेऊन बसलो होतो. गवतावर हिम होतं. डोंगरावरून कुठं कुठं गोळीचा एकेक आवाज येत होता, बाबा मान हलवून तो बाजूला टाकत. मग वरच्या कड्याकडून एक जाड, जुना आवाज आला. बाबांचा कप ओठांशी थांबला.

"ही एस्टिलची. त्या कड्यावर तोच बसतो."

मी कप खाली ठेवला. पहिल्या गोळीने काय सिद्ध होतं? काहीच नाही. एक, दोन, तीन... आणि दुसरा आवाज.

"गेलं आत," मी म्हणाले.

"आत गेलं, पण हरणाला लागलं नाही," बाबा म्हणाले. "कारट्याला समोरचं गोठ्याचं दारसुद्धा टिपता..."

तिसरा आवाज.

बाबांच्या पोटातून काही तरी वर आलं. आधी मला खोकला वाटला. ते हसत होते. टोपी डोळ्यांवर ओढून, खांदे हलवून हसत होते, आणि हसता हसता त्यांनी एक हात माझ्याकडे पुढे केला, देवळात करतात तसा. मी तो दोन्ही हातांत धरला. थंडगार होता.

"बाबा, चौथं अडकलं तर?"

"गप, ऐकू दे."

मी डोळे मिटले आणि मनात म्हणाले, देवा, त्या मुक्या जिवाला धावू दे, आणि मॅगझीनही चालू दे. एकाच दमात दोन्ही मागावं की नाही, मला कळत नव्हतं. पण मागितलं खरं.