एकजुटीचा ठसा

रोमन साम्राज्यातल्या सिस्किया शहराच्या टांकसाळीत नाण्यांचे ठसे कोरणारा सुरिओ त्या उन्हाळ्यात पार गोंधळला होता. वसंतात त्याने ज्या सम्राटाचा चेहरा कोरला, त्याला त्याच्याच सैनिकांनी मारलं. आता दूरच्या कुठल्याशा छावणीत नवा सम्राट झाला होता, आणि त्याची नाणी ताबडतोब हवी होती.

"पण तो दिसतो कसा?" सुरिओने विचारलं.

"मी काय त्याच्या पंगतीला बसलो होतो?" टांकसाळीचा मुकादम लुपियानस खेकसला. "डोक्यावर किरणांचा मुकुट घाल. मागच्या बाजूला हातात हात दिलेले दोन पंजे, आणि अक्षरं कोर, 'सैन्याची एकजूट'."

"एकजूट? काल चौकात दोन तुकड्यांनी एकमेकांची डोकी फोडली!"

"म्हणूनच कोरायचं, बाबा."

सुरिओने दाढी कोरली, जाड मान कोरली, बाकदार नाक कोरलं. हे नाक कुठून सुचलं ते त्यालाही कळलं नाही. नाणी बाजारात आली, तेव्हा त्याची बायको आइक्का चीज घ्यायला गेली आणि तशीच परत आली.

"अहो, हे तर माझे बाबा!" नाणं मुठीत धरून ती म्हणाली. "त्यांना देऊन चीज कशी आणू?"

सुरिओने निरखून पाहिलं. सासराच होता.

पुढच्या महिन्यात सम्राट स्वतः शहरात आला. काटकुळा, गुळगुळीत गालांचा, बसक्या नाकाचा. लोकांनी हातातली नाणी पाहिली, मिरवणूक पाहिली, आणि शेजारून चालणाऱ्या दाढीवाल्या निशाणधाऱ्याचाच जयजयकार केला.

दुसऱ्या दिवशी सम्राटाचा अधिकारी टांकसाळीत आला. सुरिओ त्याच्या पायाशी बसला.

"ऊठ. चेहरा बदलू नकोस," अधिकारी म्हणाला. "लोकांना तो पटलाय. महाराज आजपासून दाढी राखतायत."

"दाढी वाढेल, साहेब," सुरिओ चाचरत म्हणाला, "पण नाक?"

अधिकाऱ्याने नाणं उलटसुलट केलं. मग लुपियानसकडे पाहिलं. लुपियानसने छताकडे पाहिलं.

"थोडं इकडचं, थोडं तिकडचं कर," म्हणत अधिकारी निघून गेला.

कुणाचं इकडचं, कुणाचं तिकडचं? सुरिओ टाकी हातात घेऊन बसून राहिला. दिवस कलेपर्यंत नव्या ठशावर मुकुट आणि कपाळ तेवढं कोरून झालं होतं; नाकाची जागा अजून कोरीच होती.