टेबलापाशी स्टूल

शिलाईच्या त्या कारखान्यात कापायच्या टेबलापाशी बसायला काहीच नव्हतं. वडिलांचा नियमच तसा होता, कापणाऱ्यानं उभं राहायचं. वडील गेले, कारखाना दादाकडे आला, मोठी कात्री धाकट्या बहिणीकडे आली आणि नियम जागच्या जागी राहिला. बहिणीला सगळे मास्तरीण म्हणत. कापडाचे थरावर थर रचून ती एका दमात कापायची, तरी तळातला तुकडा अगदी वरच्यासारखाच निघायचा.

मग अंग दुखायला लागलं. कुठे दुखतं विचारू नका, कुठे नाही ते सांगणं सोपं. सकाळी उठावं तर रात्रभर पोती वाहिल्यासारखं अंग. बोलता बोलता साधासुधा शब्द सापडेनासा व्हायचा. रक्त तपासलं, हाडांचे फोटो काढले, सगळं स्वच्छ. "मग झालंय तरी काय तुला?" दादानं विचारलं. विचारलं म्हणायचं इतकंच, काही झालेलं नाही हा निकाल त्यानं आधीच देऊन टाकला होता.

शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी तिचं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि आजाराचं नाव सांगितलं, फायब्रोमायल्जिया. "सांधे झिजलेले नाहीत, आणि दुखणं खोटंही नाही," त्या म्हणाल्या. "दुखण्याची खबर देणाऱ्या नसा आणि मेंदू जरा जास्तच सावध झालेत. साध्या धक्क्यालाही बोंब ठोकतात. मुळापासून जाईल असं सांगत नाही, पण आटोक्यात ठेवता येतं. झोप सांभाळा, रोज थोडं चाला. आणि सगळ्यात अवघड म्हणजे, बरं वाटेल त्या दिवशी वेळेवर थांबा."

"बरं वाटेल त्या दिवशी?"

"त्याच दिवशी तर तुम्ही स्वतःची वाट लावून घेता."

खोटं नव्हतं. बरा दिवस उगवला की मास्तरीण सगळा माल उरकून मोकळी व्हायची आणि पुढचे दिवस अंथरुणात काढायची. वर दादा म्हणायचा, "काल तर वाघिणीसारखी कापत होतीस!" बिचारीचं चांगलं कामच तिच्यावर उलटायचं.

दादा वाईट नव्हता. वाईट असता तर भांडायला सोपं गेलं असतं. तो मायेनं म्हणाला, "तू आता काजं-बटणं बघ. बसून काम, आराम पडेल. टेबलासाठी एक मास्तर ठरवलाय, सोमवारी येतोय."

काजं-बटणं! ज्या टेबलावर उमेदीची वर्षं घातली ते परक्याच्या हाती द्यायचं आणि आपण कोपऱ्यात बटणं टाचत बसायचं? तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"सोमवारपर्यंत टेबल माझंच ना?"

"हो की."

"मग बघच तू."

दुसऱ्या दिवशी ती घरून उंच स्टूल घेऊन आली आणि टेबलाला भिडवून ठेवलं. शिलाईच्या मशिनी थबकल्या. दादानं एकदा स्टुलाकडे, एकदा भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोकडे पाहिलं. नेमका तो बरा दिवस निघाला. अंग हलकं होतं आणि गरम कोटांचा मोठा माल पडला होता. दादाची कळी खुलली. "आज उरकूनच टाक बाई सगळं!"

अंथरलेला थर त्याच दिवशी कापून संपवायचा, नाहीतर कापड सरकतं. म्हणून आजवर टेबलभर अंथरायचं आणि मान मोडेस्तोवर कापायचं, अशीच रीत होती. मास्तरणीनं अर्ध्याच टेबलावर थर अंथरला. खडूच्या खुणा बसून केल्या, कापायला उभी राहिली, पुन्हा बसली. थर संपला, तेव्हा दिवस बराच उरला होता आणि हात तर नुसते शिवशिवत होते. तिनं कात्री खाली ठेवली. उभ्या आयुष्यात काही इतकं जिवावर आलं नव्हतं.

"अगं, हात चालतोय की तुझा!" दादा कळवळला.

"चालतोय म्हणूनच थांबतेय."

"मास्तरीणबाई निघाल्या हवा खायला!" मागून कुणीतरी म्हणालं.

"हो, येतोस?" म्हणत ती खरंच गल्लीत चालायला गेली.

दुसऱ्या दिवशी अंग दुखत होतंच, पण ती अंथरुणात नव्हती, टेबलापाशी होती. आणखी थोडा थर. तिसऱ्या दिवशी दुखणं वाढलं, तिनं थर आणखी आखूड केला, पण आली. रोज टोमणे ऐकले, रोज वेळेवर कात्री खाली ठेवली. सोमवार उजाडला तेव्हा कोटांचे तुकडे गठ्ठे बांधून तयार होते.

नवा मास्तर गळ्यात टेप अडकवून आला. स्टुलावर बसलेल्या बाईकडे बघून त्यानं दादाला विचारलं, "आजारी म्हणालात त्या ह्याच का?"

दादा चपलांकडे बघू लागला.

"हो, मीच," मास्तरीण म्हणाली. "आजारी आहे. आणि टेबल माझं आहे."

मशिनी पुन्हा थबकल्या. दादानं गठ्ठ्यांवरून हात फिरवला. मग खाकरून नव्या मास्तराला म्हणाला, "शिलाईला माणूस हवाय मला. बघा, जमत असेल तर." आणि मास्तराच्या उत्तराची वाट न बघता त्यानं कापडाच्या ताग्याचं दुसरं टोक स्वतः उचललं.

"किती अंथरू?" त्यानं बहिणीला विचारलं.

"मी सांगेन तिथपर्यंत."