मावशीची करंगळी

मी बोटं वाचणारं एक जुनं यंत्र आहे, मित्रांनो. अंगाने साबणाच्या डबीएवढं, पण तोरा केवढा! बालगृहाच्या कचेरीत माझी नेमणूक झाली, तेव्हा जो तो मला पाहायला यायचा. पुढे कौतुक आटलं. कुणी माझ्यावर चहाचा कप ठेवी, कुणी सरळ "डबडं" म्हणे. वाईट वाटायचं हो.

इथे ओळख पटवायच्या तीन पायऱ्या आहेत. मुलाची नुसती चौकशी करायची, तर फोनवर आलेला आकडा सांगितला की पुरे. भेटायचं, तर ओळखपत्र दाखवा. पण मूल घरी न्यायचं, तर पायरी माझी: स्वतः या आणि बोट ठेवा, आधी नोंदवलेल्या दहाही बोटांच्या ठशांशी मी ते ताडून बघतो. फोन काय, कुणाच्याही हाती लागतो!

एकदा एक बाई भाचीला न्यायला आली. बहीण दवाखान्यात होती, म्हणून पोरगी तोवर इथे. ही मावशी खानावळीत भांडी घासायची. तिने अंगठा ठेवला. माझा लाल दिवा लागला. पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. पिशवी घेऊन दाराशी उभी असलेली भाची रडवेली झाली. माझा जीव तीळ तीळ तुटत होता, पण जे दिसत नाही ते दिसलं कसं म्हणू?

"अहो, आकडा जुळलाय ना? सोडा की!" शिपाईकाका म्हणाले.

"पोरगी कुणाच्या हाती द्यायची, त्याला आकडा पुरत नाही, काका." कारकूनबाई मावशीकडे वळल्या. "ताई, येताना हात धुतलेत का?"

"धुतले म्हणजे! साबणाने चांगले खसखसून. कचेरीत कळकट हातांनी कशी येऊ?"

बाईंनी कपाळाला हात लावला. "तिथंच घोडं पेंड खातंय! कोरडंठाक बोट याला वाचता येत नाही."

त्यांनी तिच्या हाती ओला रुमाल दिला आणि माझी काच पुसली. अंगठा तरीही जमेना, घासून घासून गुळगुळीत झालेला. मग डावी करंगळी ठेवली. अहाहा, रेषा कशा लख्ख! माझा हिरवा दिवा लागला. हुश्श! मावशी मटकन खुर्चीत बसली आणि रडता रडता हसायला लागली.

भाची तिच्या गळ्यात पडली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "एवढा वेळ? मी तर दारातूनच ओळखलं!"

खरं आहे, बाळा. म्हणून सांगतो, मित्रांनो, माझी काच पुसत जा. आणि माझा दिवा लाल लागला, तर समोरच्या माणसाला लगेच खोटं ठरवू नका. दुसरं बोट मागा. अजून नऊ असतात.