पट्टीचे पोहणारे

अवधूतमास्तरांनी कागदावर आयुष्यात एकच खोटं लिहिलं, पण ते मोठ्या वळणदार अक्षरात लिहिलं. 'तैरना जानते हैं?' या रकान्यापुढं त्यांनी लिहिलं, 'बहुत खूब'.

ही गोष्ट निजामाच्या राज्यातली, १३४६ फसलीची, म्हणजे इसवी १९३७च्या सुमाराची. मास्तर नांदेडच्या सरकारी शाळेत जुगराफिया, म्हणजे भूगोल शिकवायचे. वय सत्तेचाळीस, पण नकाशा असा काढत की छापील नकाशानं मान खाली घालावी. आफ्रिकेच्या बाजूची बेटं मापायला साहेब लोकांची एक तुकडी निघाली होती. तिला नकाशे काढणारा माणूस हवा होता, आणि हेडमास्तरांनी यांचं नाव कळवलं. अट एकच होती. बेटांवर लहान होड्यांतून उतरायचं, म्हणून माणूस पोहणारा हवा.

मास्तर मूळचे रेणापूरकडचे. तिकडं पाणी आडातून पोहऱ्यानं वर यायचं, माणसानं पाण्यात जायची रीत नव्हती. पण सव्वीस वर्षं ज्या समुद्रांना निळा रंग दिला, त्यातला एकही डोळ्यांनी पाहिला नव्हता. या वयात दार उघडलं होतं, ते पुन्हा उघडणार नव्हतं. लिहून मोकळे झाले. हेडमास्तरांनी खाली शेरा मारला, 'पट्टीचे पोहणारे आहेत, मी स्वतः पाहिले आहे.' त्यांनी काय पाहिलं होतं ते देवालाच ठाऊक.

हाताशी महिना होता. गावच्या घाटावर शिकायची सोय नव्हती, तिथं निम्मी शाळा डुंबायला यायची. म्हणून एका पहाटे मास्तर कोसभर लांब, गोदावरीवरच्या नावेच्या उतारापाशी गेले. नावेजवळ सिद्धराम बसलेला होता, आणि त्याला ओळखताच मास्तरांचे पाय मागं वळले.

बावीस वर्षांपूर्वी हा त्यांच्याच वर्गात होता. समुद्रांची नावं घोकून घेत असताना उभा राहून त्यानं विचारलं होतं, "मास्तर, तुमी समिंदर पाह्यला का?" वर्ग खो खो हसला. मास्तर लाल झाले. "नावाड्याच्या पोरानं नाव वल्हवावी," ते म्हणाले. "पुस्तक तुझ्या हातात शोभत नाही." दुसऱ्या दिवसापासून पोरगं आलं नाही. महिनाभरानं मास्तरांनी पटावरचं नाव खोडलं आणि ते विसरून गेले, निदान स्वतःला तसं बजावत आले.

"या की मास्तर," सिद्धराम म्हणाला. "पलीकडं जायचं का?"

"नाही रे. पोहायला शिकायचंय."

सिद्धराम हसला नाही. त्यानं वाळका भोपळा आणला, मास्तरांच्या पाठीला बांधला आणि त्यांना हाताला धरून पाण्यात नेलं. गावातली सहा वर्षांची पोरं जशी शिकतात, तसे मास्तर शिकू लागले. रोज नाकातोंडात पाणी जाई, रोज ते किंचाळत, आणि पाच-पाच वेळा तेच विचारत. सिद्धराम पाचही वेळा सांगायचा. "पानी माणसाला खात न्हाई, मास्तर. माणूसच भेतो. आंग ढिलं सोडा. लई ताठून राहिलाव." त्याच्या एका प्रश्नाला आपण काय उत्तर दिलं होतं ते आठवलं, की मास्तरांना थंडीपेक्षा लाजेनंच हुडहुडी भरायची.

घरी इंदूताई ओली धोतरं आतल्या खोलीत वाळत घालायच्या. नवऱ्यानं फक्त त्यांनाच खरं सांगितलं होतं.

शेवटल्या दिवशी मास्तर भोपळ्याशिवाय डोह पार करून आले. काठावर धापा टाकत बसले, आणि इतके दिवस मनात ठेवलेलं बोलले. "सिद्धराम, मी तुला वर्गात काय म्हणालो होतो, आठवतं का?"

"इसरायला काय झालं?" सिद्धराम धोतर पिळत म्हणाला. "पर तुमी जबाब दिलाच न्हाई. आता पाहून या, आन् मग सांगा मला समिंदर कसा हाय ते."

मास्तरांचे डोळे भरून आले. "आल्यावर आधी तुझ्याकडं येईन," ते म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले.

निघायच्या दिवशी स्टेशनावर सगळी शाळा लोटली होती. मास्तरांनी नवी शेरवानी चढवली होती, गळ्यात हार मावत नव्हते. मनमाडची गाडी फलाटाला लागलेली. हेडमास्तर तालीमखात्याच्या, म्हणजे शिक्षणखात्याच्या साहेबांना सांगत होते, "गोदावरीला पूर असला तरी हे आरपार जातात." तेवढ्यात गर्दीतून वाट काढत सिद्धराम आला. बगलेत नवाकोरा भोपळा, वाळवलेला, मेण लावून सुतळीच्या जाळीत बसवलेला.

"मास्तर, हे संगं ठेवा," तो म्हणाला. "समिंदराचं पानी कसं असतंय, आपल्याला काय म्हाईत."

साहेबांनी भुवया उंचावल्या. हेडमास्तर हसले, पण त्यांचा चेहरा उतरला होता. "मास्तर, हा कोण? आणि भोपळा कुणासाठी?"

ओळख द्यायला एक शब्द पुरला असता. मास्तरांच्या डोळ्यांपुढं तो रकाना आला, तो शेरा आला, खरं बोललं तर नकाशावरून पुसली जाणारी बेटं आली.

"कोण जाणे," ते म्हणाले. "मी ओळखत नाही याला."

सिद्धरामनं त्यांच्याकडं एकदा पाहिलं. मग साहेबांना वाकून सलाम केला. "चुकी झाली, सरकार. दुसऱ्या डब्यातल्या पाव्हण्याचा हाय." आणि तो निघाला. नुसता निघून गेला नाही. प्रत्येक डब्याच्या खिडकीपाशी थांबून आत डोकावत गेला, जणू खरंच कुणाला शोधतोय. मास्तरांचं खोटं त्यानं फलाटभर वाहून नेलं.

निरोपाला आलेल्या इंदूताईंनी नवऱ्याकडं पाहिलं आणि नजर खाली वळवली.

शिट्टी झाली, गाडी हलली. फलाटाच्या टोकाला सिद्धराम भोपळा घेऊन उभा होता. मास्तरांचा डबा जवळ येताना दिसला, तसा त्यानं पाठ फिरवली, मास्तरांना ओळख द्यावी लागू नये म्हणून. मास्तरांनी हाक मारायला तोंड उघडलं. शेजारी तालीमखात्याचे साहेब बसले होते, तेही त्याच गाडीनं निघालेले.

आता समुद्र दिसणार होता. पण पाहून आल्यावर तो कसा आहे हे ज्याला सांगायचं, त्याच्यापुढं कोणत्या तोंडानं उभं राहायचं, हे मास्तरांना कळेना.