बैल म्हणून घेतलेला लेथ

मी लेथ बोलतोय. बिडाचा, पायाने चालणारा, अंगाने लहान. माझ्या एका बाजूला फिरणारं टोक आहे, दुसऱ्या बाजूला मागेपुढे सरकणारं. दोन टोकांत लाकूड धरून मी ते गरगर फिरवतो. माणसाने पटाशी टेकवली की ते गोल होतं. माझं काम एवढंच. ते समजायला शाळा लागत नाही, तरी फार थोड्यांना समजतं.

सांगलीत ओतलो गेलो आणि तिथल्याच एका दुकानात उभा राहिलो. गिऱ्हाइकं पुष्कळ बघितली. घरी हौसेला छोटा लेथ हवा म्हणून येत आणि रंग बघत. कोणी माझ्या पाठीवरून हात फिरवून "गुळगुळीत हाय" म्हणे आणि निघून जाई. दोन टोकं जवळ आणून ती एकमेकांच्या नेमकी समोर येतात का, हे एकानेही बघितलं नाही. ती चुकली तर काम वाकडं होतं. पण रंग हिरवा आहे ना, मग झालं.

त्र्याहत्तर साली उंब्रजचे लालासाहेब आले. फौजेत हवालदार होते, एकाहत्तरची लढाई करून घरी बसलेले. मुलगी शालू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. नातवंडाचा पाळणा आजोळचा असतो. त्याचे चार खांब मी माझ्या हाताने कातणार, असं हवालदार गावभर सांगून बसले होते. नाथाजी सुतार "मी करून देतो" म्हणाला, तर त्याला चहा पाजून परत पाठवला. स्वतः आयुष्यात विटीसुद्धा कातलेली नव्हती.

सोबत मेहुणा सयाजी. पंचक्रोशीत बैल पारखावा तर सयाजीने. म्हणून लेथ पारखायलाही तोच.

माझ्या शेजारी एक थोरला लेथ होता, देखणा. सयाजीने त्याला थाप मारली, पाय बघितले, वाकून पोटाखाली बघितलं. डोक्यापाशी थबकला. रंगात एक गोल डाग उमटला होता.

"दाजी, ह्यो न्हाई घ्यायचा. कपाळाला भवरा हाय."

"यंत्र हाय रं ते."

"असंना का. असला भवरा धन्याला खातो."

गोळीबारात उभा राहिलेला माणूस रंगाच्या डागाला भ्याला. मला घेतलं ते माझ्या कपाळावर काही नव्हतं म्हणून. माझी टोकं बघितलीच नाहीत.

घरी पोचलो तर हवालदारांची बायको विजयमाला दारात उभी. नवा बैल आला की करतात तेच तिने केलं. पायांवर तांब्याभर पाणी ओतलं, हळदकुंकू लावलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. सयाजीने माझ्या पाठीवरच नारळ फोडला. पाणी सरकत्या टोकाच्या खोबणीत गेलं. कोणी पुसलं नाही. बैल अंग झाडतो. मी कसं झाडणार?

हवालदार लाकडं आणीपर्यंत ते टोक गंजून जाम झालं. लाकूड धरता येईना. त्यांनी हातोडी घेतली. ठोकलं, शिव्या दिल्या, पुन्हा ठोकलं. तेवढ्यात शालूला मुलगा झाला. बारसं तोंडावर आलं.

"दाजी, नाथाजीला सांगून येतो," सयाजी म्हणाला.

"नाथाजीचा पाळणा आला तर मी बारशाला घरात नसंन."

विजयमाला चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "आवं, पलटणीत बंदूक गंजली की हातोडीनं मारत व्हता व्हय?"

हवालदारांनी हातोडी खाली ठेवली. चिंध्या मागवल्या, रॉकेल मागवलं, तेल मागवलं. मांडी घालून बसले आणि खोबण बंदुकीची नळी पुसावी तशी पुसत राहिले. माणसाने मला नीट हात लावला तो त्या दिवशी. टोक सरकलं.

पुढचं सांगण्यासारखं नाही. पटाशी संगिनीसारखी खुपसायचे. लाकडं उडाली, दोन फुटली. शेवटी चार खांब झाले. एकाची कंबर बारीक, एकाचं पोट सुटलेलं.

बारशाला शालूच्या सासूने ते निरखून बघितले. "चार खांब चार गावचं दिसत्यात."

"मी कातल्यात," हवालदार म्हणाले. मान खाली घातली नाही.

पोर पाळण्यात टाकलं आणि ते झोपलं. पोराला खांबातलं काय कळतं.

आता मी सोप्यात उभा असतो. माझ्यावर मिरच्यांचं सूप ठेवतात. तेही सोसलं. पण हवालदार त्या टोकाला न चुकता तेल देतात, हे कबूल करतो.

परवा दसरा आहे. सयाजी नारळ घेऊन येईल. हवालदार, मला फुलं नकोत, कुंकू नको. त्याला दारात अडवा आणि नारळ उंबऱ्यावर फोडायला लावा.